पारडी बदलून पाहा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात डिसेंबर २०२५ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडा संपादित करून.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली, एआयवर बोल. वीस मिनिटं, जेवणाच्या आधी." जेवणाच्या आधी बोलणाऱ्याला टाळ्या भरपूर मिळतात, आणि त्या कशासाठी असतात तेही आपल्याला माहीत आहे. म्हणून वेळ पाळते.

सकाळपासून मला सात-आठ जणांनी एकच प्रश्न विचारला: "एआयमुळे आपल्या पोरांच्या नोकऱ्या जाणार का?" त्याचं उत्तर मी आज देणार नाही. मला वेगळी गोष्ट सांगायची आहे. ती आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीची आहे आणि माझीही आहे. मैत्रीण इथेच बसली आहे. नाव सांगणार नाही, पण परवानगी घेतली आहे.

दोन वर्षांपूर्वी तिचा मला फोन आला. घरचे चार माग आहेत, दोन बदलायचे होते. मुलाने मोबाइलवर एका कर्ज देणाऱ्या ॲपवर अर्ज भरला. आधार, पॅन, बँकेचं स्टेटमेंट, सगळं चढवलं. चहा गाळून होईपर्यंत उत्तर आलं: अर्ज नामंजूर. कारण काय? "आमच्या अंतर्गत निकषांत बसत नाही." एवढीच ओळ. तिने ग्राहक सेवेला फोन लावला. तिथला मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, ते सिस्टिम ठरवते. आम्हालाही दिसत नाही." मग तिने मला विचारलं, "अगं, तू हेच करतेस ना? मग सांग की, माझं काय चुकलं? एक हप्ता चुकवलेला नाही मी आजवर."

मी तिला काहीतरी गोलमोल बोलले. खरं उत्तर दिलं नाही. का दिलं नाही, ते आज सांगते.

२०१८ साली मी पुण्यात एका टीममध्ये होते. आम्ही असंच एक सॉफ्टवेअर लिहीत होतो. त्यात कुणी बसून नियम लिहीत नाही. "पगार इतका असेल तर हो" असं काही नसतं. जुन्या कर्जांची माहिती मशीनला द्यायची, कुणी फेडलं, कुणी थकवलं, आणि मशीन आपलं आपण त्यात नमुना शोधतं. त्या माहितीत अर्जदाराचा पिनकोडही होता. तो घालायचा निर्णय माझा होता. त्यामुळे अंदाज जास्त बरोबर येत होते, वरिष्ठ खूश होते.

एका संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर मी सहज एक खेळ केला. कोथरूडच्या एका अर्जदाराचा मंजूर झालेला अर्ज घेतला. पगार तोच, वय तेच, जुनं कर्ज तेच. फक्त पिनकोड खोडून आपल्या विट्याचा घातला. उत्तर आलं: नामंजूर.

मी पुन्हा करून पाहिलं. तेच. आपल्या गावाने काय पाप केलं होतं? मुळात त्या माहितीत आपल्या भागातली कर्जं मोजकी होती, आणि त्यातली काही नोटाबंदीनंतरच्या महिन्यांतली, माग थंडावले होते तेव्हाची. तेवढ्यावरून मशीनने ठरवलं की या गावचा माणूस पैसे बुडवतो. मशीनला खानापूर तालुका माहीत नाही, दुष्काळ माहीत नाही, सूत महाग झालेलं माहीत नाही. त्याला सहा आकडे माहीत.

आणि मी काय केलं? काहीच नाही. पुढच्या आठवड्यात सॉफ्टवेअर सुरू व्हायचं होतं. मी लॅपटॉप मिटला आणि घरी गेले. आपल्या मैत्रिणीचा अर्ज माझ्याच त्या सॉफ्टवेअरने नाकारला असं नाही, ती कंपनी वेगळी होती. पण तिने "माझं काय चुकलं" असं विचारलं तेव्हा मला ती संध्याकाळ आठवली.

आता मी या शाळेत येते.

आपल्या प्रयोगशाळेत काचेच्या पेटीतला भौतिक तराजू होता, आठवतो? सर त्याला कुणाला हात लावू देत नसत. वजन करायचं तर आधी काटा शून्यावर आहे का पाहायचं. वस्तू डाव्या पारड्यात ठेवून वजन घ्यायचं. आणि मग सर म्हणायचे, "आता पारडी बदलून पाहा." वस्तू उजवीकडे, वजनं डावीकडे. दोन्ही वेळी एकच आकडा आला तर तराजूवर विश्वास ठेवा. नाही आला तर दोष वस्तूत नाही, दांडीत आहे.

त्या संध्याकाळी मी जे केलं ते हेच होतं. पारडी बदलून पाहिली. दांडी वाकडी निघाली. सरांनी पुढचं पाऊलही शिकवलं होतं, वाकडा तराजू वापरायचा नाही. ते मी विसरले. सर, आज इथे सगळ्यांसमोर कबूल करते.

पण माझ्या कबुलीने प्रश्न सुटत नाही. मी भली निघाले असते तरी दुसऱ्या कंपनीतली दुसरी बाई गप्प बसली असती. बाजारातला तराजू दुकानदाराच्या भलेपणावर सोडत नाहीत. त्यासाठी सरकार लागतं. आज मला बोलायचं आहे ते याबद्दल: एआयवर नजर ठेवायची तर सरकारकडे काय असायला हवं?

आपल्या बाजारपेठेत वजनमापे खात्याचे निरीक्षक यायचे. माझ्या वडिलांच्या दुकानातही यायचे. ते स्वतःची पेटी घेऊन येत. पेटीत पितळेची चकचकीत वजनं. आमचं वजन ते त्यांच्या वजनाशी ताडून पाहत आणि मगच शिक्का मारत. लहानपणी मला वाटायचं की शिक्का म्हणजे अधिकार. आता कळतं, अधिकार त्या पेटीत होता. निरीक्षक रिकाम्या हाताने आला असता आणि वडिलांना म्हणाला असता, "तुमचंच वजन द्या, त्यानेच तपासतो," तर?

आणि त्या पेटीतलं वजन तरी बरोबर कशावरून? ते वरच्या प्रयोगशाळेतल्या वजनाशी ताडलेलं, ते त्याच्या वरच्या, आणि असं करत करत ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. ही प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली. शेर, मण, तोळा जाऊन किलो-ग्रॅम आणणारा मानक वजनमापांचा कायदा झाला १९५६ साली. क्रम लक्षात घ्या. आधी प्रयोगशाळा, मग कायदा. मार्च १९५८ मध्ये नेहरूंच्या सरकारने देशाचा पहिला विज्ञान धोरण ठराव केला, त्यामागेही हीच समज होती की विज्ञान ही सरकारला रोजच्या कारभारात लागणारी गोष्ट आहे. विट्याच्या बाजारात मिळणारा एक किलो साखरेचा पुडा हे त्या समजुतीचंच फळ.

आपल्या गलाईवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. इथे निम्म्या घरांतला कुणी ना कुणी कुठल्या तरी परमुलखात सोनं-चांदी गाळतोय. कस विकणाऱ्याने सांगायचा नसतो, हे त्यांना पहिल्या दिवशी शिकवतात. जून २०२१ पासून सरकारने टप्प्याटप्प्याने दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा केला. तो शिक्का सराफ मारत नाही, मान्यता मिळालेलं वेगळं केंद्र मारतं.

एआयच्या बाबतीत आज कस कोण सांगतं? बहुतेक वेळा विकणाराच.

कुणी म्हणेल, कडक कायदा करा, झालं. कायदा हवाच. पण नुसता चांगला कायदा आणि चांगलं सरकार पुरत नाही, याचं उदाहरण नेदरलँड्समध्ये घडलं. श्रीमंत, शिस्तीचा, कमी भ्रष्ट देश. तिथे नोकरी करणाऱ्या आईबापांना पाळणाघराच्या खर्चासाठी सरकार अनुदान देतं. त्यात फसवणूक होते म्हणून कर खात्याने २०१३ पासून एक संगणकीय पद्धत वापरायला सुरुवात केली. प्रत्येक अर्जाला ती जोखमीचा गुण द्यायची. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही त्यात एक निकष होता. माझ्या पिनकोडसारखाच.

ज्यांचा गुण जास्त, त्यांची फाइल तपासनिसाकडे जायची. त्याला मशीनने हे नाव का काढलं ते दिसत नव्हतं. मशीनने काढलंय म्हणजे काहीतरी असणार, असं धरून तपास व्हायचा. एखादी सही राहिली, एखादी पावती नाही, तर सगळं अनुदान परत करा, वर्षांचं. लोकांवर दहा-दहा हजार युरोंचे बोजे चढले. हजारो कुटुंबं कर्जात बुडाली, घरं गेली, संसार मोडले. डिसेंबर २०२० मध्ये संसदेच्या चौकशी समितीने अहवाल दिला आणि १५ जानेवारी २०२१ रोजी मार्क रूट यांच्या सरकारने राजीनामा दिला. पुढे तिथल्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने सरकारच्याच कर खात्याला साडेसत्तावीस लाख युरोंचा दंड केला.

ही गोष्ट मला दोन कारणांसाठी महत्त्वाची वाटते. एक, इथे दोषी कंपनी नव्हती, सरकार होतं. म्हणजे सरकारने एआयवर नजर ठेवायची, तर सरकारवर कुणी? दोन, दोष एकट्या मशीनचाही नव्हता. कायदा निष्ठुर होता, अधिकारी ऐकत नव्हते, न्यायालयांनीही बराच काळ खात्याचीच बाजू उचलून धरली. मशीनने फक्त सगळ्यांना एक सोय करून दिली. "सिस्टिम म्हणते" म्हटलं की कुणालाच उत्तर द्यावं लागत नव्हतं.

आणि हे दूर युरोपातच घडतं असं समजू नका. शेजारच्या तेलंगणात सुमारे १९ लाख रेशनकार्डं संगणकीय निकषांवर, घरी जाऊन न पाहता रद्द केली गेली, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने आदेश दिला की रद्द केलेल्या कार्डांची प्रत्यक्ष पडताळणी करा. प्रत्यक्ष म्हणजे माणसाने दारात जाऊन.

मग आपल्याकडे आज काय आहे? थोडक्यात सांगते, कारण स्वयंपाकघरातून वास यायला लागलाय.

१ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एक सूचनापत्र काढलं. पुरेशी चाचणी न झालेलं एआय भारतात लोकांसाठी खुलं करायचं तर आधी सरकारची परवानगी घ्या. आमच्या क्षेत्रात गोंधळ उडाला. पंधरा दिवसांत, १५ मार्चला, परवानगीची अट मागे घेतली गेली. लोक म्हणाले, सरकार कंपन्यांपुढे झुकलं. मला वेगळाच प्रश्न पडला होता. समजा अट राहिली असती. अर्ज आले असते. तपासलं कुणी असतं? पेटी कुठे होती?

२०२३ साली व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम गेल्याच महिन्यात आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतील. त्यात एक चांगलं कलम आहे: तुमच्या माहितीवरून तुमच्याबद्दल निर्णय घेतला जाणार असेल, तर ती माहिती पूर्ण आणि अचूक असली पाहिजे. पण माझी माहिती शंभर टक्के बरोबर असून निर्णय चुकीचा असला तर? विट्याचा पिनकोड खराच आहे की. "मशीनने असं का ठरवलं" हे विचारण्याचा हक्क त्या कायद्यात नाही. युरोपात २०१८ पासून निव्वळ मशीनच्या निर्णयाविरुद्ध माणसाकडे दाद मागण्याची सोय आहे. शिवाय आपल्या कायद्यात केंद्र सरकारला स्वतःच्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा आहे. नेदरलँड्समध्ये प्राधिकरण सरकारी खात्याला दंड करू शकलं, हे इथे आठवावं.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये एआयचा स्वतंत्र कायदा केला. धोक्यानुसार वर्गवारी, काही वापरांवर सरळ बंदी, कर्ज-नोकरी-शिक्षणासारख्या ठिकाणी कडक अटी. आपल्या सरकारने गेल्या महिन्यात मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांचा सूर असा की सध्या वेगळा कायदा नको, आहेत ते कायदे वापरू. रिझर्व्ह बँकेच्या समितीचा अहवाल ऑगस्टमध्ये आला होता, त्यातली सात सूत्रंच इथे घेतली आहेत. निर्णय समजण्याजोगा असावा, कुणीतरी त्याला जबाबदार असावं, भेदभाव नसावा. सूत्रं उत्तम आहेत. फळ्यावर लिहून ठेवावीत अशी. पण सुविचार आणि परीक्षा यातला फरक आपल्या बाईंनी आपल्याला चांगलाच शिकवला आहे.

कायदा हवा की तत्त्वं पुरेत, यावर माझ्या क्षेत्रात रोज वाद होतात. घाईचा कायदा लहान कंपन्यांना मारतो आणि मोठ्यांकडे वकिलांच्या फौजा असतात, हे मलाही पटतं. पण दोन्ही बाजू एक गोष्ट बोलत नाहीत. कायदा असो की तत्त्वं, तपासायला माणसं, उपकरणं आणि प्रयोगशाळा लागणार. त्यासाठी आपण काय बाजूला काढलंय?

आकडे सांगते. मार्च २०२४ मध्ये केंद्राने इंडिया एआय मिशन मंजूर केलं. एकूण सुमारे १०,३७२ कोटी रुपये. त्यात मोठमोठ्या संगणकांसाठी साडेचार हजार कोटींहून जास्त, नव्या उद्योगांना भांडवल म्हणून एकोणीसशे कोटींहून जास्त. आणि सुरक्षित व विश्वासार्ह एआय या भागासाठी २०.४६ कोटी. हजार रुपयांतले दोन रुपये. यंदा जानेवारीत एआय सुरक्षा संस्थेची घोषणा झाली, ती याच भागाखाली. संस्था हवीच होती, स्वागत आहे. पण घर बांधायला हजार रुपये आणि पाया तपासायला दोन, असा ठेकेदार आपण आपल्या घराला लावला असता का?

आणि हे फक्त एआयपुरतं नाही. देशाच्या उत्पन्नातल्या शंभर रुपयांपैकी आपण संशोधनावर ६४ पैसे खर्च करतो. दक्षिण कोरिया जवळजवळ पाच रुपये. दोन रुपयांपर्यंत जायचं हे आपण २००३ च्या विज्ञान धोरणात लिहिलं, २०१३ च्या धोरणात पुन्हा लिहिलं. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान २०२३ च्या कायद्याने उभं राहिलं, पाच वर्षांत पन्नास हजार कोटींचं उद्दिष्ट आहे. त्यातले छत्तीस हजार कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. उद्योगांनी संशोधनाला पैसा द्यावाच. पण तपासणीची पेटी दुकानदाराच्या पैशातून घेता येत नाही. तिथे सरकारचाच पैसा लागतो.

आता शेवटचा मुद्दा, सरकारवर नजर कुणी ठेवायची? आपण निवडून दिलेल्यांनी. पण त्यांना हे कळणार कसं?

अमेरिकेने १९७२ साली यासाठी एक छान सोय केली होती. तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, स्वतःचं तंत्रज्ञान मूल्यमापन कार्यालय काढलं. सरकारचं नव्हे, संसदेचं. त्याच्या मंडळावर दोन्ही सभागृहांचे सहा-सहा सदस्य, आणि दोन्ही पक्ष समसमान. शास्त्रज्ञ, अभियंते, अर्थतज्ज्ञ नोकरीला. काय करा ते सांगायचं नाही, असं केलं तर काय होईल ते सांगायचं, एवढंच त्यांचं काम. तेवीस वर्षांत सुमारे साडेसातशे अहवाल दिले. १९९५ मध्ये काटकसर म्हणून त्याचे पैसे बंद केले. कायदा रद्दही केला नाही, नुसतं कुलूप लावलं.

पुढे २०१८ मध्ये फेसबुकच्या मार्क झुकरबर्ग यांना सिनेटसमोर बोलावलं गेलं. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, तुम्ही लोकांकडून पैसे घेत नाही तर धंदा चालतो कसा? उत्तर आलं, आम्ही जाहिराती दाखवतो. जग हसलं. मला हसू आलं नाही. पेटी विकून टाकलेला निरीक्षक दुकानदारालाच विचारणार.

आपल्या संसदेत खात्यांनुसार स्थायी समित्या आहेत, १९९३ पासून. एक माहिती तंत्रज्ञान पाहते, एक विज्ञान आणि पर्यावरण. प्रत्येकीत एकतीस खासदार, सगळ्या पक्षांचे. या समित्या कॅमेऱ्यापासून दूर, बऱ्यापैकी गंभीरपणे काम करतात. तंत्रज्ञानाचा अंदाज घेणारी टायफॅक नावाची संस्थाही १९८८ पासून आहे, डॉ. कलामांचं 'व्हिजन २०२०' तिथलंच. पण ती सरकारच्या विज्ञान विभागाखाली आहे. खासदारांच्या हाताशी, त्यांच्या हुकमाखाली, असं काही नाही. विधानसभेत तर नाहीच. माझ्या मते आपल्याला ते हवं. पन्नास चांगली माणसं, संसदेच्या पगारावर, ज्यांना कुठलंही खातं गप्प करू शकणार नाही. देशाच्या मानाने हा खर्च नगण्य आहे.

तर माझ्या मागण्या तीन आहेत, आणि तिन्ही साध्या आहेत. मशीनने नाही म्हटलं तर कारण लेखी मिळालं पाहिजे, आणि ते बदलायचा अधिकार असलेला एक माणूस असला पाहिजे. ते मशीन विकणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी पारडी बदलून तपासलेलं असलं पाहिजे. आणि सरकारची स्वतःची मशीनही याच तपासणीतून गेली पाहिजेत, त्याचा अहवाल संसदेसमोर आला पाहिजे.

कुणी म्हणेल, ही बाई मशीनच्या विरोधात आहे. नाही. माणसांच्या राज्यात कर्ज कसं मिळायचं ते आपण पाहिलंय. कुणाची चिठ्ठी आणली, कोणत्या आळीतला, आडनाव काय. माझ्या वडिलांनी बँकेच्या पायऱ्या किती वेळा झिजवल्या ते मला माहीत आहे. मशीनला आडनावाशी देणंघेणं नसतं असं वाटून मी या कामात आले. पण मशीन जुन्या वह्या वाचून शिकतं. वहीत जी आळी होती ती त्याने पिनकोडात शोधून काढली. फरक एवढाच की साहेबाच्या तोंडावर भांडता यायचं.

परत येते मैत्रिणीकडे. तिला कारण आजतागायत कळलेलं नाही. पिनकोडमुळे झालं की आणखी कशाने, मलाही सांगता येणार नाही, आणि नेमकं तेच बोचतं. शेवटी गावातल्या एका बँकेचे अधिकारी घरी आले, माग पाहिले, वह्या पाहिल्या, कर्ज मिळालं. पण चार महिने गेले, मधल्या काळात सावकाराचे पैसे घ्यावे लागले, आणि ते व्याज ती अजून फेडतेय. "अंतर्गत निकषांत बसत नाही" या एका ओळीची ही किंमत.

आज घरी गेल्यावर तुम्हाला करता येईल असं सांगते. तुमचा क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढा, चुका असतात. बँकेने अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवायचं, हा रिझर्व्ह बँकेचा जुना नियम आहे, तो मागा. उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, पैसे पडत नाहीत. सरकारी योजनेतून नाव गळलं तर माहितीच्या अधिकारात विचारा की निकष कोणते होते आणि घरी कोण आलं होतं. आणि पुढच्या वेळी खासदार सत्काराला आले की हारासोबत एक प्रश्नही द्या.

मी काय केलं, तेही सांगते. आता मी दुसऱ्या ठिकाणी काम करते. गेल्या वर्षी आमच्या टीमच्या बैठकीत मी अट घातली की नकाराचं कारण साध्या भाषेत छापता आलं पाहिजे आणि पिनकोड बदलून चाचणी झाल्याखेरीज काम पुढे जाणार नाही. सहा आठवडे उशीर झाला. वरिष्ठ नाराज झाले, अजूनही थोडे आहेत. चाचणीत दांडी वाकडी निघाली. या वेळी लॅपटॉप मिटला नाही. सहा वर्षं उशीर झाला, पण सर, पुढचं पाऊल आठवलं.

सकाळी मी प्रयोगशाळेत डोकावले. काचेची पेटी अजून आहे. एक काच गेलीय, तराजूवर धूळ आहे. मुख्याध्यापकांना विचारलं, तर म्हणाले, आता डिजिटल काटा आहे, हा कुणी वापरत नाही. माझी आपल्या बॅचला विनंती आहे. या मेळाव्यातून जो निधी उरेल त्यातून संगणक जरूर घ्या, पण आधी तो तराजू दुरुस्त करून घेऊ. आठवीच्या मुलांना डिजिटल काटा देण्याआधी एकदा तरी कुणीतरी म्हणू दे, "आता पारडी बदलून पाहा."

ज्याने ते एकदा स्वतःच्या हाताने केलंय, त्याला "सिस्टिम म्हणते" हे उत्तर पुरत नाही.

चला, जेवायला.